कोचीची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोचीची सहल फसते ती बहुतेक वेळा वारामुळे. शुक्रवारी राजवाडा बंद, शनिवारी सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बंद, सोमवारी संग्रहालये बंद; आणि आपली सुट्टी नेमकी शुक्रवार ते सोमवार. त्यामुळे तिकिटे काढण्याआधी निदान वारांचा प्रश्न वाचून घ्या. बाकीचे जाता जाता वाचले तरी चालेल.

कोची, कोचीन, एर्नाकुलम, फोर्ट कोची: नेमके जायचे कुठे?

कोचीन हे जुने नाव, कोची हे आताचे. एर्नाकुलम म्हणजे मुख्य भूमीवरचे आधुनिक शहर. रेल्वे स्टेशने, मेट्रो, हायकोर्ट, मोठी दुकाने सगळी तिथे. पाहण्यासारखे जुने कोची मात्र पाण्यापलीकडे पश्चिमेला आहे: टोकाला फोर्ट कोची आणि त्याला लागून मट्टांचेरी. एर्नाकुलम आणि जुने कोची यांच्या मधोमध विलिंग्डन बेट, उत्तरेला वायपिन. नकाशावर अंतर किरकोळ दिसते, पण एर्नाकुलमहून रस्त्याने फोर्ट कोची सुमारे १२ किलोमीटर पडते आणि संध्याकाळी तोप्पुंपडीच्या पुलाजवळ तास सहज जातो. बोटीने तेच अंतर वीस-पंचवीस मिनिटांचे. कोचीत आधी बोटीचा विचार करायचा आणि मग रस्त्याचा.

मुंबई, पुणे, नाशिकहून कोणती गाडी घ्यावी?

मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस रोज आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारच्या आधी निघते आणि कोकण रेल्वेने दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलमला पोहोचते. साधारण २५-२६ तास धरा. आठवड्यातून दोनदा सुटणारी दुरांतो यापेक्षा वेगवान आहे. नाशिक आणि कल्याणकरांना दिल्लीहून येणारी मंगला लक्षद्वीप सोयीची, आणि तिचा शेवटचा थांबाच एर्नाकुलम असल्याने उतरताना धावपळ नाही. पुण्याहून पनवेलमार्गे कोकण रेल्वेने जाणारी गाडी आहे, शिवाय मिरज-लोंढा-मडगावमार्गे जाणारी साप्ताहिक पूर्णा एक्स्प्रेस आहे. सांगली-मिरजकडच्यांना ती जवळची.

दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे स्टेशन. एर्नाकुलम जंक्शन (स्थानिक लोक ‘साउथ’ म्हणतात) आणि एर्नाकुलम टाउन (‘नॉर्थ’) ही दोन वेगळी स्टेशने आहेत. तिकिटावर ERS (हा जंक्शनचा कोड) नव्हे तर नाव वाचा, असे सांगून उपयोग होत नाही, कारण अॅपवर दोन्ही नावे सारखीच दिसतात. म्हणून परतीच्या गाडीचे स्टेशन वेगळे लिहून ठेवा. दुसरे म्हणजे पावसाळा. जून ते ऑक्टोबर या काळात कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागते, दरडींच्या भीतीने कटिंगमधून गाड्या हळू चालवतात आणि प्रवास काही तासांनी वाढतो. या दिवसांत पोहोचल्याबरोबर त्याच संध्याकाळचे काही ठरवू नका.

आरक्षण ६० दिवस आधी उघडते. ओणम, नाताळ आणि एप्रिल-मे या काळात मुंबईतले मल्याळी लोक गावी जातात; तेव्हा पहिल्या दिवशीच तिकीट काढावे लागते.

विमानतळ किंवा स्टेशनवरून फोर्ट कोचीला कसे जायचे?

विमानतळ नेडुंबाशेरीला, शहराच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर आहे. (२०१५ पासून हा विमानतळ पूर्णपणे सौरऊर्जेवर चालतो, उतरताना खाली सौर पॅनेलांची रांग दिसते.) सामान जास्त असेल तर प्रीपेड टॅक्सी घ्या आणि फोर्ट कोचीपर्यंत दीड ते दोन तास धरा. सामान कमी असेल तर फीडर बसने आलुवा मेट्रो स्थानक गाठा आणि तिथून मेट्रोने शहरात या. विमानतळावरून थेट फोर्ट कोचीला जाणारी वातानुकूलित लो-फ्लोअर बसही आहे, पण तिच्या फेऱ्या ठरावीक असतात.

एर्नाकुलम जंक्शनहून मुख्य बोट जेट्टी जवळ, साधारण दोन किलोमीटरवर आहे. रिक्षावाल्याला ‘बोट जेट्टी’ एवढे सांगितले की पुरे. रात्री उशिरा पोहोचलात तर बोटींच्या नादी न लागता सरळ टॅक्सी करा.

किती दिवस लागतात आणि कोणत्या वारी जावे?

कोचीला पूर्ण दोन दिवस द्यावेत. केरळच्या तयार टूरमध्ये कोचीला अर्धा दिवस असतो, म्हणजे चिनी जाळी, एक चर्च, मसाल्याचे एक दुकान आणि पुढे मुन्नार. त्यातून हे शहर कळत नाही.

वारांचे गणित असे आहे. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. तिथून चालत दोन-तीन मिनिटांवरचे परदेशी सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी पूर्ण दिवस बंद. ज्यूंच्या सणांनाही बंद असते, आणि त्यांचे मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. इंडो-पोर्तुगीज संग्रहालय, नौदलाचे सागरी संग्रहालय आणि त्रिपुनितुराचा हिल पॅलेस सोमवारी बंद. चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटक म्हणून आत हिंडणे बरे दिसत नाही.

म्हणून शुक्रवारी रात्री पोहोचणाऱ्यांनी शनिवार फोर्ट कोची आणि हिल पॅलेसला द्यावा आणि अख्खे मट्टांचेरी रविवारी सकाळी दहाला गाठावे. गर्दी असते, पण दोन्ही दारे उघडी मिळतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी जाणे शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस उत्तम, त्या वेळी काहीच बंद नसते.

सिनेगॉग दुपारी एक ते तीन बंद असते, हे आणखी एक. साडेबाराला तिथे धापा टाकत पोहोचण्यापेक्षा आधी सिनेगॉग आणि मग राजवाडा, असा क्रम ठेवा. राजवाडा दुपारी बंद होत नाही.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. या दिवसांतही दुपारी तिशीच्या पुढे तापमान आणि कोकणासारखा घाम असतोच. स्वेटर घरीच ठेवा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी सूचना: आपल्याकडे पाऊस संपलेला असतो, केरळात मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस पडतो. बहुधा दुपारनंतर गडगडाटासह तास-दोन तास. बाहेरची ठिकाणे सकाळी आणि राजवाडा, संग्रहालये दुपारी ठेवली की सहल बिघडत नाही. जून-जुलैचा पाऊस वेगळा, तो दिवसभर लागू शकतो. शिवाय ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत केरळात ट्रॉलरना मासेमारीची बंदी असते. त्या काळात ताजी मासळी कमी आणि महाग.

मुक्काम फोर्ट कोचीत करावा की एर्नाकुलममध्ये?

फोर्ट कोचीत. पर्यटकांच्या बसगाड्या सकाळी दहानंतर येतात आणि सूर्यास्तानंतर परततात. सकाळी सहा ते नऊ आणि रात्री जेवणानंतर हे गाव रिकामे असते, आणि ते पाहायला तिथेच राहावे लागते. प्रिन्सेस स्ट्रीट, रोझ स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट या गल्ल्यांत होमस्टे आहेत. खोली ठरवताना तीन गोष्टी विचारा: एसी आहे का, पहिल्या मजल्यावर जायला लाकडी उभा जिना आहे का, आणि रात्री उशिरा दार कोण उघडणार. जुन्या डच घरांत जिने खडे असतात. गुडघेदुखी असणाऱ्यांनी तळमजला मागावा.

पहाटेची गाडी किंवा विमान असेल तर मात्र शेवटची रात्र एर्नाकुलममध्ये काढा.

वॉटर मेट्रो, सरकारी बोट आणि रो-रो यांत फरक काय?

वॉटर मेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या, वातानुकूलित बोटी. त्या कोचीच्याच जहाज कारखान्यात बांधलेल्या आहेत. हायकोर्ट टर्मिनलहून फोर्ट कोचीची फेरी २०२४ मध्ये आणि मट्टांचेरी व विलिंग्डन बेटाची स्थानके ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. हायकोर्ट ते फोर्ट कोची तिकीट ४० रुपये. तरंगता धक्का बोटीच्या पातळीतच असतो, त्यामुळे व्हीलचेअर, बाबागाडी आणि वयस्कर मंडळी यांना चढणे सोपे जाते.

अडचण एकच: बोटीत १०० उतारूंच्या वर एकही घेत नाहीत. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत फोर्ट कोचीच्या रांगेत तासभर उभे राहावे लागते, आणि परतीची रांग सूर्यास्तानंतर त्याहून वाईट. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ जाताना तिकीट खिडकीवरच विचारून ठेवा.

सरकारी बोट म्हणजे राज्य जलवाहतूक खात्याची जुनी प्रवासी बोट. मुख्य जेट्टीवरून फोर्ट कोचीच्या कस्टम्स जेट्टीला जाते. भाडे इतके कमी की सुटे पैसे शोधण्यातच वेळ जातो. उघड्या खिडक्या, इंजिनाचा आवाज, कामावर जाणारी माणसे. फोटोंसाठी आणि वाऱ्यासाठी हीच बरी. चढताना फळी ओलांडावी लागते.

रो-रो ही वायपिन आणि फोर्ट कोची यांच्यामध्ये माणसांसह गाड्या, दुचाकी, टेम्पो वाहून नेणारी बोट. चार-पाच मिनिटांत पलीकडे. फोर्ट कोचीची रांग फार लांब दिसली तर हायकोर्टहून वॉटर मेट्रोने किंवा बसने वायपिनला जा आणि तिथून रो-रो पकडा. स्थानिक लोक हेच करतात. वाटेत बंदराच्या तोंडाशी डावी-उजवीकडे चिनी जाळी दिसतात, ही वरकड कमाई.

फोर्ट कोचीत किल्ला आहे का?

नाही. महाराष्ट्रातून येणारे हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तट-बुरूज शोधत फिरतात. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथे फोर्ट इमॅन्युएल बांधला. १६६३ मध्ये डचांनी तो जिंकून लहान केला आणि १७९५ मध्ये इंग्रज आल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यांनी तो पाडून टाकला. किनाऱ्यावर थोडे दगड आणि बास्टियन बंगला उरला आहे. हा बंगला जुन्या बुरुजाच्या जागेवर उभा असल्यामुळेच त्याचे नाव तसे. सिंधुदुर्ग किंवा जंजिरा मनात धरून आलात तर निराशा होईल. इथे पाहायचे ते किल्ल्याच्या आत वसलेले गाव.

चिनी जाळी कधी पाहावीत? तिथे पैसे का मागतात?

सकाळी सात ते नऊ. संध्याकाळी सूर्यास्ताचा फोटो सुंदर येतो, पण तेव्हा जाळ्यांपेक्षा माणसेच जास्त दिसतात.

हे यंत्र समजून घेतले तर अर्धा तास कसा गेला कळत नाही. किनाऱ्यावर लाकडी चौकट, तिच्या टोकाला पाण्यावर झुकलेले चार वाकलेले दांडे आणि त्यांना ताणून बांधलेले जाळे. दुसऱ्या टोकाला दोरांवर लटकणारे जड दगड. तोल इतका अचूक साधलेला असतो की एक माणूस मुख्य तुळईवरून पुढे चालत गेला तरी जाळे पाण्यात उतरते. काही मिनिटे ठेवून मग पाच-सहा जण मिळून दोर ओढतात. लटकणाऱ्या दगडांच्या दोऱ्या वेगवेगळ्या लांबीच्या असतात. जाळे वर येईल तसा एकेक दगड फलाटावर टेकतो आणि तोल शेवटपर्यंत टिकतो. ही जाळी चिनी व्यापाऱ्यांनी आणली अशी रूढ समजूत आहे. काहींच्या मते ती पोर्तुगीजांबरोबर मकाऊहून आली.

पकड फारशी नसते, हे खरेच. बंदराचे तोंड खोदून खोल ठेवतात, मोठ्या जहाजांची ये-जा असते आणि पावसाळ्यात पाणवनस्पतींचे लोंढे जाळ्यात अडकतात. लाकूड कुजते आणि बदलणे महाग, म्हणून काही जाळ्यांना आता लोखंडी पाइप लावलेले दिसतात. त्यामुळे ‘या, दोर ओढा’ असे आमंत्रण मिळते आणि नंतर पैशांची अपेक्षा असते. फलाटावर चढण्याआधी किती द्यायचे ते बोलून घ्या. नको असेल तर बाहेरून पाहणे फुकट आहे.

जाळ्यांमागच्या टपऱ्यांवरची सगळीच मासळी या जाळ्यांतली नसते. बरीचशी बंदरातून येते. विकत घेऊन शेजारच्या हॉटेलात शिजवून घेता येते. मात्र किलोचा भाव, वजन आणि शिजवण्याचे पैसे असे तीन आकडे आधी ठरवा. भांडणे होतात ती तिसऱ्या आकड्यावरून.

वास्को द गामाची कबर खरोखर इथे आहे का?

कबरीचा दगड आहे, तो माणूस नाही. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला आणि सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये पुरला गेला. चौदा वर्षांनी त्याचे अवशेष लिस्बनला नेले. आत शिरल्यावर उजव्या हाताला कठड्यात तो दगड दिसतो. वर पाहायला विसरू नका: छताला लांबच लांब कापडी पंखे टांगलेले आहेत, आणि त्यांचे दोर भिंतीबाहेर जातात. बाहेर बसलेला माणूस ते ओढत असे. चर्च कॅथलिक होते, डचांनी प्रोटेस्टंट केले, इंग्रजांच्या काळात अँग्लिकन झाले.

जवळच्या सांताक्रूझ बॅसिलिकाचे जुने चर्च इंग्रजांनी पाडले. सध्याची इमारत १९०५ ची. आतले रंगीत छत पाहण्यासारखे आहे. दहा मिनिटे पुरेत.

मट्टांचेरीत नेमके काय पाहायचे?

राजवाड्याला ‘डच पॅलेस’ म्हणतात, पण तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिला. डचांनी नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांना चिकटले. बाहेरून अगदी साधा दिसतो. दारातून परतणारे लोक असतात. जायचे ते शयनकक्षातल्या भित्तिचित्रांसाठी. रामायणाची दृश्ये लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत भिंतभर पसरली आहेत, आकृत्या इतक्या दाट की मोकळी जागा जवळपास नाही. प्रकाश मंद असतो, डोळे सरावायला दोन मिनिटे द्या. फोटो काढू देत नाहीत. पुरातत्त्व खात्याचे तिकीट किरकोळ आहे.

सिनेगॉग १५६८ चे. पायातले बाहेर काढायचे, गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, आत फोटो नाही. जमिनीवर चीनहून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत, आणि कोणत्याही दोन तंतोतंत सारख्या नाहीत. लोक झुंबरांकडे पाहत वर माना करून उभे राहतात, आणि पाहण्यासारखी गोष्ट पायाखाली राहते. १७६० चा घड्याळ-मनोरा बाहेरून पाहा. इस्रायलच्या स्थापनेनंतर इथले बहुतेक ज्यू तिकडे गेले. ‘ज्यू टाउन’ नाव राहिले, घरांची दुकाने झाली.

याच भागात गुजराती रोडवर १९०४ चे धर्मनाथ जैन मंदिर आहे. दुपारी बाराच्या सुमारास तिथे कबुतरांना दाणे घालतात. आणखी आत चेरलाईला कोंकणी लोकांची वस्ती आणि तिरुमला देवस्वम आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबे इथे स्थिरावली. १६७५ मध्ये डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याच्या मलबारी वनस्पतींवरच्या ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी जे प्रमाणपत्र लिहून दिले, ते कोंकणीत आणि नागरी लिपीत होते. कोंकणी येत असेल तर चेरलाईच्या पापड-लोणच्यांच्या दुकानांत बोलून पाहा. मल्याळमचा हेल लागलेला असतो, पण समजते.

मसाले मट्टांचेरीतून घ्यावेत का?

घ्यावेत, पण सिनेगॉगच्या गल्लीतल्या सजवलेल्या दुकानांतून नव्हे. तिथे भाडे आणि कमिशन दोन्ही भावात मिसळलेले असते. बाझार रोडवरच्या घाऊक पेढ्यांच्या आसपास किरकोळ विक्री करणारी साधी दुकाने आहेत. आधी एर्नाकुलमच्या एखाद्या किराणा दुकानात किंवा सुपरमार्केटात भाव पाहून ठेवला की फरक कळतो.

मिरी दाण्याच्या आकारावर विकली जाते. ‘तेल्लिचेरी’ म्हणजे मोठा दाणा. मूठभर दाणे पाण्यात टाकून पाहा: पोकळ मिरी आणि पपईच्या बिया तरंगतात, भरलेले दाणे बुडतात. वेलची मिलिमीटरवर विकतात. ७-८ मिलिमीटरची घरच्या वापराला उत्तम. फारच हिरवीगार दिसली तर ओल्या पांढऱ्या रुमालात घासून रंग लागतो का पाहा. दालचिनीत सर्वांत जास्त फसगत होते: खरी दालचिनी पातळ सालींची, अनेक पदर एकात एक गुंडाळलेली आणि बोटांनी मोडणारी. जाड, टणक, एकच वळण घेतलेली ती कॅशिया; स्वस्त असते आणि दालचिनीच्या भावात खपवतात. पूड कोणतीच घेऊ नका.

‘केशर स्वस्त’ ऐकले की पुढे चला. केशर केरळात पिकत नाही.

रिक्षावाला ‘शंभर रुपयांत सगळे फिरवतो’ म्हणतो. जावे का?

स्वस्ताचे कारण दुकाने. प्रत्येक ठरावीक दुकानात तुम्हाला दहा मिनिटे बसवले की रिक्षावाल्याला कमिशन मिळते. वेळ भरपूर असेल आणि नाही म्हणायची सवय असेल तर हरकत नाही. नको असेल तर ‘नो शॉप’ आधीच सांगा आणि जास्त भाडे द्या. २०२२ पासून केरळात मीटरचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला १५ आहे. फोर्ट कोचीत मीटर क्वचितच पडतो, पण हा हिशोब माहीत असला की घासाघीस बरी होते. फोर्ट कोची ते ज्यू टाउन अंतर अडीच-तीन किलोमीटर आहे.

फोर्ट कोची सपाट आहे, चालतच पाहावे. पदपथ मात्र पर्जन्यवृक्षांच्या मुळांनी उचकटलेले आहेत. सँडल पट्ट्याची घाला.

कथकली समजेल का?

पर्यटकांसाठीचा प्रयोग साधारण दीड तासाचा, संध्याकाळी सहाला असतो. तासभर आधी जा. रंगभूषा प्रेक्षकांसमोर होते, आणि नवख्याला तोच भाग जास्त आवडतो. तांदळाच्या पिठाची पेस्ट आणि कागद यांची ‘चुट्टी’ गालाच्या कडेने बसवतात. हिरवा चेहरा नायकाचा. पापणीखाली एका फुलाचे बी ठेवून डोळे लाल करतात. सुरुवातीला मुद्रांचे अर्थ समजावून सांगतात, म्हणून उशिरा पोहोचू नका. पुढच्या रांगेत बसा, मागून डोळ्यांचा अभिनय दिसत नाही.

शाकाहारी लोकांचे हाल होतात का?

नाही. मट्टांचेरीत गुजराती वस्तीमुळे शुद्ध शाकाहारी जेवण मिळते, एर्नाकुलममध्ये उडुपी हॉटेले आहेत. दुपारचे ‘मील्स’ बारा ते अडीच. तीनला गेलात तर सांबार संपलेले असते. भात जाड, लालसर मट्टा तांदळाचा येतो. तो नको असेल तर ‘पच्चरी’ मागा, पांढरा भात मिळतो. खोबरेल तेलाचा वास पहिल्या दिवशी जाणवतो, दुसऱ्या दिवशी नाही.

मासे खाणाऱ्यांनी केळीच्या पानात भाजलेले करीमीन पोळ्ळिच्चत् आणि नारळाच्या दुधातले मीन मोइली घ्यावे. लाल रश्शाला आंबटपणा येतो तो कुडंपुळीने. ते आपल्या कोकमाच्याच कुळातले, पण वाळवून धुरावलेले. करीमीनला काटे बारीक असतात, मुलांना देताना जपून.

हॉटेलात गुलाबी कोमट पाणी येते ते पतिमुखम, म्हणजे आपल्याकडचे पतंगाचे लाकूड घालून उकळलेले पाणी. निर्धास्त प्या, उकळलेले असल्याने उलट तेच बरे.

फोर्ट कोचीच्या समुद्रात पोहता येते का?

नको. बंदराच्या तोंडाशी प्रवाह ओढणारा आहे, किनारा झिजलेला आहे, पाणीही स्वच्छ नाही. पोहायचे तर वायपिनवरच्या चेराई किनाऱ्यावर जा, शहरापासून सुमारे २५ किलोमीटर. पावसाळ्यात तिथेही पाण्यात उतरू नये.

बंदर आणि जहाजे जवळून पाहता येतात का?

बोटीतून, हो. १३४१ च्या पेरियार नदीच्या महापुराने इथे बंदराचे तोंड मोकळे झाले असे मानतात, पण वाळूचा बांध आडवा असल्याने मोठी जहाजे बाहेरच थांबत. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने १९२० नंतर तो खोदून काढला आणि उपशाच्या गाळातून विलिंग्डन बेट वाढवले. मरीन ड्राइव्हवरून तासाभराच्या फेऱ्या निघतात. तिकीट सरकारी खिडकीवर घ्या, दलालाकडून नव्हे. त्या फेरीत वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या क्रेन आणि जहाज कारखाना दिसतो. विमानवाहू ‘विक्रांत’ इथेच बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. दक्षिण नौदल मुख्यालयाच्या बाजूचे फोटो काढू नका. बोटीवरचा माणूस सांगतो तेव्हा कॅमेरा खरोखर खाली ठेवा.

देवळात जायचे तर कपड्यांचे काय?

एर्नाकुलमचे शिवमंदिर आणि त्रिपुनितुराचे पूर्णत्रयीश मंदिर या दोन्हींत पुरुषांनी सदरा-बनियन काढून जायचे. मुंडू म्हणजे लुंगीसारखे धोतर नेसलेले चांगले. स्त्रियांनी साडी किंवा सलवार. सकाळी अकरा-बाराला दार बंद होते आणि संध्याकाळी उघडते, म्हणून त्रिपुनितुराला गेलात तर सकाळी आधी देऊळ आणि मग हिल पॅलेस.

नाताळ-नववर्षाला जावे का? आणि बिएनाले?

३१ डिसेंबरला मध्यरात्री फोर्ट कोचीत ‘पप्पांजी’ हा म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळतात. गर्दी प्रचंड असते, गाड्या बाहेरच अडवतात आणि परतीच्या बोटींना झुंबड उडते. चालत परतता येईल अशी खोली नसेल किंवा लहान मुले बरोबर असतील तर त्या रात्री जाऊ नका.

कोची-मुझिरिस बिएनाले २०१२ पासून भरते. हे आधुनिक कलेचे प्रदर्शन साधारण दोन वर्षांआड डिसेंबरात सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. जुन्या गोदामांची दारे एरवी बंद असतात, ती या काळात उघडतात. कलेत रस नसला तरी तेवढ्यासाठी जावे. खोल्यांचे भाव मात्र वाढलेले असतात.

हरताळ झाला तर?

केरळात हरताळ म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा दुकाने, रिक्षा, बस बंद. रेल्वे आणि विमाने चालतात, पण स्टेशनवरून बाहेर पडायला वाहन मिळत नाही. होमस्टेवाल्याला आदल्या दिवशी कळलेले असते, त्याला विचारा. फोर्ट कोचीत मुक्काम असेल तर तो दिवस चालण्यात निघून जातो. जेवणाचे तेवढे त्याच घरी सांगून ठेवा.

अलेप्पी, लक्षद्वीप यांना इथूनच जाता येईल का?

अलेप्पी (आलप्पुळा) सुमारे ५५ किलोमीटर. रेल्वेने किंवा बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. दिवसभरासाठी हाउसबोटीऐवजी लहान शिकारा घ्या, अरुंद कालव्यांत तीच शिरते. लक्षद्वीपची जहाजे कोचीहून सुटतात, पण प्रवेश परवाना आधी काढावा लागतो. कोचीला पोहोचल्यावर ठरवून ते जमत नाही.

परतीच्या दिवशी किती आधी निघावे?

फोर्ट कोचीहून रेल्वेसाठी तीन तास, विमानासाठी पाच. आणि तिकिटावरचे स्टेशन जंक्शन आहे की टाउन, ते टॅक्सीत बसण्याआधी पुन्हा एकदा पाहा.